चित्रफीत कोणासाठी, कशासाठी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दादर येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टने यूट्यूबवर स्वतःची चित्रफीत-वाहिनी सुरू करावी, असा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत संमत झाला. ठराव करताना सर्वांनी हात वर केले. पण त्या वाहिनीवर दाखवायचे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा मात्र जितकी डोकी तितकी मते झाली. कोणी म्हणाले, प्रवचने दाखवा. कोणी म्हणाले, प्रवचने कोण बघतो, पाककृती दाखवा. तरुण मंडळी म्हणाली, अर्ध्या मिनिटाच्या वर काही करू नका. या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी आजच्या भाषणाचा विषय मला देण्यात आला. मी बी.कॉम. झालेला एक कापड-व्यापारी. कॅमेऱ्याचे शास्त्र मला अवगत नाही. परंतु समोर आलेल्या गिऱ्हाईकाला काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हा विचार मी चव्वेचाळीस वर्षे गादीवर बसून केला आहे. त्या अनुभवाच्या आधारे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीच्या आधारे, चार शब्द आपणापुढे ठेवतो.

बंधूंनो, लोकांना काय दाखवावे हा प्रश्न आज मोबाईलमुळे निर्माण झाला असे आपल्याला वाटते. वस्तुतः हा प्रश्न आपल्याच परिसरात सव्वाशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारला गेला. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्यात स्टेशनात येणारी आगगाडी होती, समुद्रस्नान होते, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते. तो खेळ पाहून प्रभावित झालेल्यांपैकी एक म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावेदादा. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. यंत्र हातात आल्यावर सावेदादांपुढे जो प्रश्न उभा राहिला असेल, तोच आज आपल्यापुढे आहे. त्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, माकडाला खेळ शिकवणारा माणूस टिपला. आणि १९०१ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे मायदेशी परतले तेव्हा त्यांचे झालेले स्वागत टिपले. म्हणजे एक विषय करमणुकीचा, एक कुतूहलाचा आणि एक आपल्या माणसाच्या अभिमानाचा. तिन्ही विषय मुंबईचे, आणि पाहणारे लोकही मुंबईचे.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी गिरगावातल्या एका तंबू-चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. मला येथे वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. मनात कृष्ण असूनही फाळक्यांनी पहिला चित्रपट कृष्णाचा केला नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि सर्वप्रथम त्यांनी चित्रित केले ते वाटाण्याच्या रोपाचे उगवणे. कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटतो, वेल वर चढतो, एवढेच. ही छोटी फीत त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाला दाखवली आणि त्याचा विश्वास संपादन केला. आपण व्यापारी मंडळी याला नमुना दाखवणे म्हणतो. नमुना पसंत पडल्यावर मग दादरला त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला. सरस्वतीबाईंनी घरातल्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्मला भोके पाडण्याचे काम केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसमोर आला. कृष्णजन्माचा चित्रपट त्यानंतर, १९१८ साली आला.

हरिश्चंद्रच का? कारण ती कथा पाहणाऱ्याला आधीपासून ठाऊक होती. यंत्र नवे, पडदा नवा, अंधारात बसून पाहण्याची रीतच नवी. अशा वेळी कथा तरी ओळखीची असावी, म्हणजे प्रेक्षक बिचकत नाही. मूकपटाच्या त्या काळात ज्याला अक्षरओळख नव्हती तोही तारामतीचे दुःख समजू शकत होता. आणि याच फाळक्यांनी पौराणिक चित्रपटांच्या जोडीला आगकाड्यांची गंमत दाखवणारी फीत केली, तळेगावच्या काचकारखान्याची फीत केली, चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारीही फीत केली. ज्या दादर भागात ते हे काम करीत होते तेथील रस्त्याला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. आपल्यापैकी कित्येक जण रोज त्या रस्त्याने ये-जा करतात.

आता कोणी विचारील, आपण धार्मिक ट्रस्टचे लोक, आपण या मोहात पडावेच का? माझ्या लहानपणी दादीमाँ म्हणत, देवळातली गोष्ट देवळात शोभते. या शंकेचा मी आदर करतो. पण आपल्या समाजात अशीच शंका एकदा छापखान्याविषयी घेतली गेली होती, याचे स्मरण ठेवावे. शास्त्रे हाताने लिहावीत, ती छापणे म्हणजे जिनवाणीचा अविनय, शाई आणि सरस यांत हिंसा, असे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही बराच काळ आपल्या श्रावकांनी ग्रंथमुद्रणाला कडवा विरोध केला. त्याच काळात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक काढले. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी सी. पी. टँकला बांधलेल्या हिराबागेत पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९१२ साली आपली प्रकाशनसंस्था सुरू केली, आणि शेठजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने निघालेल्या ग्रंथमालेतून दुर्मिळ ग्रंथ छापून बाहेर आले. मूडबिद्रीच्या मठात शतकानुशतके ताडपत्रावर राहिलेला षट्खंडागम, ज्याचे लोक केवळ दर्शन घेत असत, त्याचा पहिला खंड १९३९ साली आपल्याच महाराष्ट्रात, अमरावतीहून, प्रसिद्ध झाला. आज ज्या घरात छापील पूजेचे पुस्तक नाही असे एकही घर या सभागृहात नसेल. विरोध करणारे चुकीच्या हेतूने बोलत नव्हते. जिनवाणी कोणाच्याही हातात कशीही पडेल, ही त्यांची भीती खरी होती. छापणाऱ्यांनी ती भीती ध्यानात ठेवून शुद्ध पाठ, विद्वान संपादक आणि नेटकी छपाई यांचा आग्रह धरला, म्हणून ते काम टिकले. आपणही चित्रफिती करताना विरोधकाची भीती ध्यानात ठेवली पाहिजे.

आता दुकानातली गोष्ट सांगतो. माझे वडील फलटणहून मुंबईस आले, गिरगावात एका खोलीत राहिले, मूळजी जेठा मार्केटमध्ये गुमास्ता म्हणून लागले आणि पुढे हिंदमातापाशी त्यांनी आमचे छोटे दुकान थाटले. मी बी.कॉम. होऊन गादीवर बसलो आणि थोड्याच दिवसांत, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लालबाग-परळचे आमचे निम्मे गिऱ्हाईक गिरणीतले. पगार थांबले, खरेदी थांबली. त्या वर्षी वडिलांनी मला मालाची निवड शिकवली. ते म्हणत, दुकानात तीन प्रकारचा माल असावा. पहिला बारमाही माल : मांजरपाट, पॉपलीन, परकराचे कापड. यावर नफा थोडा, पण यासाठीच माणूस पायरी चढतो. दुसरा हंगामी माल : गुढीपाडवा, गणपती, दिवाळी, लग्नसराई. हा वेळेआधी भरावा लागतो, वेळ गेली की पडून राहतो. तिसरा ठेवणीचा माल : एखादी उत्तम पैठणी, एखादे इरकल. ती वर्षात दोनदा उघडली जाते. पण ती कपाटात आहे म्हणून दुकानाला दुकानपण असते. आणि वडिलांचे आणखी एक सांगणे होते की, संपात सापडलेल्या माणसाला रेशमी साडी दाखवू नये. त्याला न परवडणारी वस्तू त्याच्या बायकोसमोर उलगडणे म्हणजे त्याचा अपमान करणे. वस्तू चांगली असली तरी ती कोणापुढे, कोणत्या वेळी उलगडतो याला महत्त्व आहे.

यूट्यूब ही आजची पेठ आहे. २००५ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यावर चढवलेली पहिली फीत होती प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाची, अवघ्या एकोणीस सेकंदांची. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ही पेठ घराघरांत आली. २०२० साली टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी यूट्यूबने आखूड फितींची सोय भारतात सुरू केली. या पेठेचे माप वेळेचे आहे. कोणती फीत किती जणांनी उघडली, किती सेकंद पाहिली, कोणत्या क्षणी सोडून दिली, हे सर्व फीत करणाऱ्याला कळते, आणि जी जास्त वेळ पाहिली जाते ती यंत्रणा आणखी लोकांपुढे ठेवते. आम्ही मीटरने कापड मोजतो, ते मिनिटाने माणूस मोजतात. त्यामुळे पेठेचा ओढा साहजिकच भांडण, भय आणि हसे यांच्याकडे असतो, कारण या तीन गोष्टी माणसाला खिळवून ठेवतात.

तथापि याच पेठेत सात्त्विक मालही खपतो, याची मराठीतली उदाहरणे आपणांस ठाऊक आहेत. मधुरा बाचल यांनी २००९ साली पाककृती दाखवायला सुरुवात केली, आधी इंग्रजीत आणि पुढे मराठीत. मराठीत आल्यावर घरोघरीच्या स्वयंपाकघरांत त्यांना स्थान मिळाले. नगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजी, शाळेचे शिक्षण नसताना, नातवाच्या मदतीने २०२०च्या सुमारास ‘आपली आजी’ म्हणून महाराष्ट्राच्या परिचयाच्या झाल्या. मुंबईतील काही तरुणांनी २०१६ साली ‘भारतीय डिजिटल पार्टी’ काढली आणि घरातल्या आई-मुलांच्या रोजच्या बोलण्यावर विनोदी फिती केल्या. शेजारच्या लालबागच्या राजाचे दर्शन गणेशोत्सवात घरबसल्या घेणारे कितीतरी आहेत. या सर्वांत मला एक समान सूत्र दिसते. त्यांनी आधी माणूस डोळ्यांसमोर आणला. नवी सून, परदेशातला मुलगा, अंथरुणाला खिळलेले आजोबा. मग त्या माणसाला काय हवे, ते पाहिले.

बंधू-भगिनींनो, आता मी माझ्या चुकीकडे येतो. हे सांगितल्यावाचून वरचे सारे बोलणे पोकळ ठरेल.

तीन वर्षांपूर्वीच्या दशलक्षण पर्वात पाठशाळेच्या मुलांची भक्तामर स्तोत्र-पठणाची स्पर्धा होती. नियमाप्रमाणे पहिले दहा श्लोक म्हणायचे होते. एक नऊ वर्षांचा मुलगा पाचव्या श्लोकाला अडखळला. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. तिसऱ्या वेळी त्याला रडू आले आणि त्याने खांद्यावरच्या उपरण्याने नाक पुसले. सभागृह हसले, ते हसणे मायेचे होते. आपल्या एका कार्यकर्त्याने मोबाईलवर ते टिपले. मी सांस्कृतिक समितीचा प्रमुख. त्याने मला विचारले, “काका, टाकू का?” मी म्हणालो, “टाक. गोड आहे. लोकांना आवडेल.” चाळीस सेकंदांची ती फीत. आमच्या आधीच्या फिती पन्नास-पाऊणशे लोकांच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. हिचा आकडा चार दिवसांत हजारांत गेला. मी तो आकडा विश्वस्तांना अभिमानाने दाखवला, हेही सांगतो.

पाचव्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. कोणीतरी अनोळखी माणसाने त्या फितीला हास्याचे आवाज जोडून ती पुढे पाठवली होती. ती त्याच्या शाळेत पोहोचली होती. वर्गातली मुले रुमालाने नाक पुसून दाखवीत होती. आम्ही फीत तत्काळ काढून टाकली. पण दुकानातून गेलेला ताका परत मागवता येतो, तशी ही गोष्ट परत येत नाही. ती कोणाकोणाच्या फोनमध्ये राहिली, ते जिनेंद्रच जाणे. मुलगा पाठशाळेत यायचा बंद झाला.

मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. परळच्या जुन्या चाळीतले घर. मुलगा आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. तो रडला नाही, रागावलाही नाही. त्याने मला एवढेच विचारले, “काका, मी नंतर दहाही श्लोक म्हटले होते. ते का नाही दाखवले?”

खरेच होते. डोळे पुसून त्याने चौथ्यांदा सुरुवात केली होती आणि दहाही श्लोक न चुकता म्हटले होते. मी स्वतः तेथे बसून टाळ्या वाजवल्या होत्या. ती सर्व मिनिटे कार्यकर्त्याच्या मोबाईलमध्ये होती. आम्ही चाळीस सेकंद कापून घेतले आणि ज्यासाठी त्या मुलाचे कौतुक व्हायला हवे होते ते मागे ठेवले. कारण माझ्या व्यापारी बुद्धीने सांगितले की रडणे खपेल, दहा श्लोक खपणार नाहीत. आणि ते बरोबर ठरले, हेच मला अधिक लागले.

आपल्या मुनींच्या पाच समितींत भाषासमिती आहे. बोलावे ते हित, मित आणि प्रिय असावे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवसापासून मला वाटू लागले की मोबाईलवर टाकलेली प्रत्येक फीत हे आपले बोलणेच आहे, आणि श्रावकालाही तेथे हाच नियम लावला पाहिजे. हित : ही पाहून कोणाचे भले होणार, आणि जो तिच्यात दिसतो त्याचे वाईट तर होणार नाही ना? मित : जेवढे आवश्यक तेवढेच, पण अर्थ बिघडेल इतके कापलेले नसावे. प्रिय : कोणाच्या मनाला डंख न करणारे. आमची ती फीत प्रिय वाटली, आणि पहिल्या दोन्ही कसोट्यांना उतरली नाही.

दुसरा एक प्रसंग आपल्या सर्वांच्या मनात ताजा आहे. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्याचा प्रश्न उभा राहिला. एका बाजूला आरोग्याची चिंता, दुसऱ्या बाजूला जीवदयेची परंपरा. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महानगरपालिकेने तेथे ताडपत्री घातली आणि ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती हटवली. त्या प्रश्नाच्या गुणदोषांत मी आज जात नाही. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या आठवड्याचे. ताडपत्री फाटतानाच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या फिती सर्वत्र फिरत होत्या. आमच्या शेजारचे दुकानदार, ज्यांच्याशी माझा चाळीस वर्षांचा घरोबा, ज्यांच्याकडच्या गणपतीला मी दरवर्षी जातो, त्यांनी मला विचारले, “शेठ, तुमच्या लोकांनी हे काय केले?” चाळीस वर्षांत ‘तुमचे लोक’ हा शब्द आमच्यात पहिल्यांदा आला.

त्याच रात्री आपल्या व्हॉट्सॲप समूहावर सूचना आली की ट्रस्टने सडेतोड उत्तर देणारी फीत काढावी. ती काढली असती तर हजारोंनी पाहिली असती, यात शंका नाही. आपल्या अध्यक्षांनी नम्रपणे नकार दिला, त्याबद्दल मी त्यांना जाहीरपणे वंदन करतो. पण मला तेव्हा वेगळीच खंत वाटली. आपला ट्रस्ट पन्नास वर्षे शालेय पुस्तकपेढी चालवतो, तेथून पुस्तके नेणाऱ्यांत लालबाग-परळच्या सर्व जातिधर्मांची मुले आहेत. आपण रुग्णांना कॉट, चाकाची खुर्ची, वॉकर वापरायला देतो, तेव्हा आडनाव विचारत नाही. या कामाची एकही फीत आपल्याजवळ नव्हती. शेजाऱ्याने आपल्याला फक्त ताडपत्रीच्या फितीतून पाहिले. भांडण पेटल्यावर काढलेल्या फितीने ओळख होत नसते, ती आधीच करून ठेवावी लागते. म्हणून माझा आग्रह आहे की आपली वाहिनी मराठीतच असावी. ज्यांच्या शेजारी आपण तीन-तीन पिढ्या राहिलो, त्यांना आपले बोलणे समजले पाहिजे. परदेशातल्या नातवंडांसाठी खाली इंग्रजी अक्षरे द्यावीत, ती सोय आहे.

आता प्रत्यक्ष योजना. वडिलांच्या तीन प्रकारांनीच मी ती मांडतो.

बारमाही माल. भक्तामराचा एक श्लोक, शुद्ध उच्चार, सोपा अर्थ, तीन ते चार मिनिटे. अठ्ठेचाळीस श्लोकांच्या अठ्ठेचाळीस फिती. पाठशाळेच्या भगिनींनी त्या कराव्यात. पाणी गाळण्याची पद्धत, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नोकरदार घराने मेळ कसा घालावा, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय मुलांचा डबा काय द्यावा, या गोष्टी सासूने सुनेला सांगाव्यात तशा सांगाव्यात. त्यातच शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. २०१४ साली केंद्र सरकारने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, पण कोणते कागद लागतात, अर्ज कसा भरावा, यासाठी पालक अजूनही आपल्या कार्यालयात खेपा घालतात. एक दहा मिनिटांची फीत त्यांच्या दोन-दोन रजा वाचवील. हिला टाळ्या मिळणार नाहीत, पण लोक ती शोधत येतील.

हंगामी माल. महावीर जयंती आणि दशलक्षण पर्व. उत्तम क्षमा, मार्दव, आर्जव अशा दहा धर्मांवर दहा दिवस दहा लहान फिती. मात्र बोलणारे नेहमीचे वक्ते नकोत. मार्दवावर एखाद्या परिचारिकेने बोलावे, सत्यावर एखाद्या व्यापाऱ्याने बोलावे, म्हणजे त्यालाही जरा विचार करावा लागेल. आणि दिवाळीचा माल आम्ही श्रावणात भरतो, तसे हे चित्रीकरण दोन महिने आधी पूर्ण असावे. ऐन पर्वात धावपळ करून केलेल्या फितीत पंख्याचा आवाज ऐकू येतो आणि वक्त्याचा नाही. कॅमेरा साधा चालेल, पण कॉलरला लावायचा चांगला माइक घ्यावा. आपले निम्मे प्रेक्षक कमी ऐकू येणारे आहेत.

ठेवणीचा माल. समाजातील पंचाहत्तरीच्या पुढच्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी. गिरगावच्या चाळीतले दिवस, मूळजी जेठा आणि मंगलदास मार्केटमधली गुमास्तेगिरी, खटाव, फिन्ले, मोरारजी गोकुळदास या गिरण्यांचे कापड हाताने ओळखणारी माणसे, संपाच्या काळात शेजारच्या कामगाराला उधारीवर धान्य-कापड देणारी घरे, गावाहून येताना डोक्यावर आणलेली जिनप्रतिमा. या माणसांच्या तोंडून हे आत्ताच टिपले नाही तर पुढच्या दहा वर्षांत टिपायला कोणी उरणार नाही. ती फीत वीस जणांनी पाहिली तरी हरकत नाही. त्या वीसांत त्यांचा एक पणतू असेल.

काय करू नये, हेही सांगणे अगत्याचे आहे. कोणाचाही चेहरा त्याच्या संमतीवाचून दाखवू नये. लहान मुलाच्या बाबतीत आई-वडिलांची संमती घ्यावी आणि मुलालाही विचारावे. मुनिमहाराज व आर्यिका माताजी यांचे चित्रण त्यांच्या आज्ञेशिवाय करू नये, आहारचर्येचे तर करूच नये. बोलीचे आकडे आणि दात्यांची स्तुती यांच्या फिती नकोत, कारण ज्याच्याजवळ द्यायला काही नाही तोही आपलाच श्रावक आहे. दिगंबर-श्वेतांबर, तेरापंथ-बीसपंथ, आपण आणि शेजारी, अशा कोणत्याही वादाला आपल्या वाहिनीवर जागा नसावी. कापलेली फीत टाकण्यापूर्वी पूर्ण चित्रीकरण समितीतील दोघांनी पाहावे आणि जे मागे राहिले त्याने अर्थ बदलत नाही ना, हे तपासावे. हा शेवटचा नियम माझ्या चुकीतून आला आहे.

वर्षाला चोवीस फिती, म्हणजे महिन्याला दोन, एवढेच बंधन आपण घालून घ्यावे. वर्षअखेर हिशेब मांडताना किती जणांनी पाहिले हा आकडा जरूर लिहावा, मी आकड्यांचा माणूस आहे, त्याला कमी लेखत नाही. पण त्याशेजारी आणखी एक रकाना असावा : ही पाहून कोणी काही केले का? एखाद्याने अर्ज भरला, एखाद्या मुलीने श्लोक पाठ केला, एखादा शेजारी पुस्तकपेढीत आला. दुसऱ्या रकान्यात चार ओळी आल्या तरी वर्ष सुफळ झाले असे मी मानीन. भक्तामराच्या अठ्ठेचाळीस फितींना दोन वर्षे लागतील, तर लागू देत.

त्या मालिकेचा पहिला श्लोक कोणी म्हणावा, हे अजून ठरलेले नाही. तो मुलगा आता बारा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन मी विचारले की चेहरा न दाखवता, केवळ आवाजात, पहिले दहा श्लोक तू म्हणशील का? त्याने सांगतो म्हटले आहे. उत्तर अजून आलेले नाही. नाही आले तर मी पुन्हा विचारणार नाही, तो त्याचा अधिकार आहे. आज या सभागृहात बसलेल्या माझ्या तरुण मित्रांना मात्र विनंती आहे की उद्या कॅमेरा हाती घ्याल तेव्हा टाकू का, असे मला विचारण्याआधी समोरच्याला विचारा.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, आपण सर्वांची आणि विशेषतः त्या बालमित्राची उत्तम क्षमा मागतो. जय जिनेंद्र.